सहा मेखा

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. मुलाच्या शाळेची उन्हाळी जत्रा होती. आम्ही इंग्लंडमध्ये हर्टफर्डशरला राहतो. इथल्या बहुतेक प्राथमिक शाळा सुट्टी लागण्याआधीचा एक शनिवार अशा जत्रेला देतात. घरून करून आणलेल्या केकचं टेबल, जुनी पुस्तकं, चेहरे रंगवून घ्यायची रांग आणि मैदानाच्या कडेला हवा भरलेला मोठा बाउन्सी कॅसल. आपल्याकडे वाढदिवसाला, लग्नाच्या लॉनवर, जत्रेत असतो तोच प्रकार. आमच्या सोलापुरात त्याला सगळे मिकी माऊसच म्हणतात, वर तोंड वाघाचं असलं तरी.

माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. तो आत उड्या मारत होता आणि मी चहाचा कप घेऊन समोर उभी होते. वाऱ्याचा एक झोत आला आणि कॅसलचा मागचा डावा कोपरा वीतभर वर उचलला गेला. क्षणभरच, मग परत टेकला. आतली मुलं एका बाजूला घसरली आणि खिदळली, त्यांना तो खेळच वाटला. मी मागे जाऊन पाहिलं. खालच्या कडेने सहा कड्या शिवलेल्या होत्या. चार कड्यांना दोऱ्या होत्या, त्यातली एक जवळच्या बाकाच्या पायाला गुंडाळलेली. उरलेल्या दोन कड्या मोकळ्या लोंबत होत्या.

चालवणाऱ्या माणसाला दाखवलं तर तो म्हणाला, "आज वारा कुठे आहे?" मी मुलाला बाहेर काढलं आणि घरी आले. आत आणखी आठ-दहा मुलं होती. त्यांना बाहेर काढा असं मी कुणाला म्हटलं नाही. शाळेलाही कळवलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. काही झालं नाही म्हणून सगळ्यांसाठी ती जत्रा छान पार पडली. मला मात्र कितीतरी दिवस रात्री डोळे मिटले की तो उचललेला कोपरा दिसायचा.

म्हणून २०२५ च्या मार्चमध्ये पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत कामं वाटायला घेतली तेव्हा मी बाउन्सी कॅसल मागून घेतला. तो कुणाला नकोच असतो, कारण दिवसभर तिथेच अडकून पडावं लागतं.

माझं शिक्षण सिव्हिलचं. छपराच्या पत्र्यावर, जाहिरातीच्या फलकावर वाऱ्याचा भार किती येईल हे काढणं माझ्या रोजच्या कामातलं आहे. पण मुलांच्या खेळाच्या गादीला वाऱ्याचा भार असतो हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. त्या रात्री बसून मी साधं गणित केलं. कॅसलची मागची भिंत ३ मीटर उंच आणि ४ मीटर रुंद धरली. ताशी ३८ किलोमीटरचा वारा तिच्यावर सरळ आला तर साधारण ८० किलोचा रेटा बसतो. वारा दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आसपास. आणि हा फक्त भिंतीवरचा रेटा झाला. एकदा कोपरा उचलला गेला की वारा खाली शिरतो आणि सगळी जमीनच, म्हणजे ज्यावर मुलं उभी असतात ती गादी, शिडासारखी फुगते. आत हवा भरलेली, आकार मोठा, वजन आकाराच्या मानाने नगण्य. जहाजाचं शीड बनवायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

हार्लो आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. तिथे काय झालं होतं ते इथल्या जुन्या लोकांना आठवतं, मला ते या कामात कळलं. २६ मार्च २०१६, ईस्टरचा शनिवार. तिथल्या टाऊन पार्कमध्ये जत्रा भरली होती. वाऱ्याने बाउन्सी कॅसल उपटला गेला आणि उतारावरून सुमारे ३०० मीटर लोळत गेला. आत एक ७ वर्षांची मुलगी होती. ती वाचली नाही. २०१८ मध्ये जत्रेतल्या दोघा चालकांना घोर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल प्रत्येकी तीन वर्षांची कैद झाली. कॅसल नीट बांधला नव्हता आणि हवामानाकडे लक्ष ठेवलं नव्हतं, हे दोन मुद्दे त्या खटल्यात होते. दोन्ही मी आमच्या मैदानावर डोळ्यांनी पाहिले होते.

मला वाटलं होतं, इतकं झाल्यावर इथे परवाना काढावा लागत असेल. तसं नाही. बाउन्सी कॅसल भाड्याने द्यायला सरकारी परवाना नाही. १९७४ चा कामाच्या ठिकाणच्या आरोग्य आणि सुरक्षिततेचा कायदा आहे, त्याखाली धंदा करणाऱ्याची जबाबदारी येते. बांधणी, शिवण, मेखा, ब्लोअर म्हणजे सतत हवा भरणारा पंखा, देखरेख यांचं युरोपीय मानक आहे, त्याचा क्रमांक ईएन १४९६०. आणि एचएसई ही सरकारी सुरक्षा संस्था त्यावर आधारलेल्या सूचना साध्या इंग्रजीत देते. त्या सूचना मी छापून घेतल्या आणि फ्रिजवर लावल्या. दोन पानंही भरत नाहीत. पण त्यातला एकेक आकडा कुठून आला असेल हे शोधत बसले की संध्याकाळ जाते.

उदाहरणार्थ १६३ किलो. कॅसलला किमान सहा जागी बांधलं पाहिजे, आणि जेवढ्या कड्या आहेत तेवढ्या सगळ्या वापरल्या पाहिजेत. जमिनीत मेखा ठोकता येत नसतील तर प्रत्येक कडीला निदान १६३ किलोचं वजन बांधायचं. असा विचित्र आकडा का, दीडशे किंवा दोनशे का नाही? कारण मानकाप्रमाणे प्रत्येक कडीने १६०० न्यूटनची ओढ सोसली पाहिजे, आणि १६०० ला गुरुत्वाच्या ९.८१ ने भागलं की १६३ येतात. मी भागाकार केला आणि मला बरं वाटलं. कुणीतरी बसून विचार केला होता, अंदाजाने आकडा टाकला नव्हता. मेखांचंही तसंच: लोखंडी, किमान ३८० मिलिमीटर लांब, १६ मिलिमीटर जाड, वरचं टोक गोल, म्हणजे कुणी पडलं तर लागू नये. तंबूच्या वीतभर तारेसारख्या खुंट्या यात बसत नाहीत. आणि वाऱ्याची मर्यादा ताशी ३८ किलोमीटर. त्याच्यावर गेला की मुलं बाहेर काढायची. एखाद्या कॅसलची मर्यादा बनवणाऱ्याने याहून कमी दिली असेल तर ती कमी मर्यादा पाळायची. ही मर्यादा झोताला लागू धरायची, दिवसभराच्या सरासरीला नाही.

मग भाड्याने देणाऱ्यांना फोन सुरू केले. इथे तपासणीची पद्धत अशी: पिपा नावाची एक योजना आहे. कॅसलची वर्षातून एकदा तपासणी होते आणि त्यावर क्रमांक असलेलं बिल्ल्यासारखं लेबल लावतात. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकला की तपासणी चालू आहे की मुदत संपली ते कळतं. अॅडिप्स म्हणून दुसरीही एक योजना आहे. पहिल्याला क्रमांक विचारला तर तो म्हणाला, "आमचा विमा आहे, काळजी करू नका." विमा लागतोच, पण विमा अपघात झाल्यावर पैसे देतो, कोपरा धरून ठेवत नाही. दुसऱ्याने क्रमांक दिला, मी तो टाकला, तर तपासणीची मुदत आधीच्या ऑक्टोबरलाच संपलेली. पुढच्या आठवड्यात करून घेतो म्हणाला. झाल्यावर कळवा असं मी सांगितलं. त्याचा फोन आला नाही. तिसऱ्याचं सगळं चालू होतं, पण वारा कशाने मोजता असं विचारल्यावर तो म्हणाला, झाडं पाहून. झाडं पाहून अंदाज येतो हे खरं आहे, पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागली की वारा त्या मर्यादेच्या आसपास असतो. पण मुलं आत असताना मला अंदाज नको होता.

चौथा फोन एका बाईंना लागला. साठीच्या असाव्यात, नवऱ्याबरोबर धंदा सुरू केला होता, आता मुलीबरोबर चालवतात. मी काही विचारण्याआधी त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. मैदान गवताचं की डांबरी? उतार आहे का? वरून तारा जातात का? झाड किती अंतरावर? जमिनीखाली पाण्याचा नळ किंवा केबल कुठून गेलीय ते शाळेच्या केअरटेकरला विचारून ठेवा, मेख दीड फूट खाली जाते. प्लगची जागा किती लांब? मी उत्तरं लिहीत गेले आणि निम्म्यांना मला "विचारून सांगते" म्हणावं लागलं. त्यांचे दर आधीच्या वर्षीच्या माणसापेक्षा ६० पौंड जास्त होते. संघाच्या खजिनदाराने ते पाहून भुवया वर केल्या. मी त्याला मोकळ्या कड्यांचं सांगितलं. वर्षभर कुणाला न सांगितलेली गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. तो थोडा वेळ गप्प बसला. त्याची मुलगीही त्या दिवशी आत होती.

जागेवरून मात्र खरी ओढाताण झाली. शाळेला कॅसल डांबरी अंगणात हवा होता, म्हणजे पाऊस पडला तरी चिखल नाही आणि मैदान खराब होत नाही. डांबरात मेख ठोकता येत नाही. मग सहा कड्या गुणिले १६३, म्हणजे ९७८ किलो, जवळजवळ एक टन वजन आणायचं कुठून? कुणीतरी म्हणालं, वाळूच्या पिशव्या ठेवू. दुकानातली वाळूची पिशवी २५ किलोची. एका कडीला सात पिशव्या, सहा कड्यांना बेचाळीस, आणि नुसत्या रचून ठेवून चालत नाही, त्या एकत्र बांधून त्यांना दोरी पक्की बसली पाहिजे. हे मी फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा बैठकीतला आवाज बदलला. तोवर सगळ्यांना मी जरा जास्तच घाबरते असं वाटत होतं. बेचाळीस पिशव्या डोळ्यांसमोर आल्यावर त्यांना कळलं की या वस्तूला धरून ठेवायला खरोखर एवढं लागतं. कॅसल गवतावर गेला.

याच सुमाराला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ऑस्ट्रेलियातल्या एका खटल्याचा निकाल आला. १६ डिसेंबर २०२१ ला टास्मानियातल्या डेव्हनपोर्टमध्ये हिलक्रेस्ट प्राथमिक शाळेत वर्ष संपल्याचा आनंद म्हणून खेळ ठेवले होते. वारा कॅसल घेऊन वर गेला. सहा मुलं गेली, पाचवी-सहावीतली. कॅसलला आठ जागी बांधायची सोय होती आणि मेखा चारच ठोकल्या होत्या, असा चालवणाऱ्या बाईंवर आरोप होता. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. तिथे आली होती ती वावटळ. तिचा अंदाज करता येण्यासारखा नव्हता, आणि त्यांनी आणखी काही केलं असतं तरी शेवट बदलला नसता, असं न्यायाधीशांनी म्हटलं.

मी तो निकाल दोनदा वाचला आणि हात गळून गेले. ज्या आकड्यांवर मी दोन महिने विश्वास ठेवून बसले होते, त्यांच्याही पलीकडे काही आहे हे त्यात स्पष्ट होतं. मी सोलापूरकडची, वावटळ मला परकी नाही. एप्रिलच्या दुपारी रानात पालापाचोळा, धूळ, कागद गोल फिरत उभं राहतं. आजी म्हणायची बाजूला व्हा, आणि आम्ही मुद्दाम मध्ये पळायचो. आकाश निरभ्र, वारा शून्य, आणि तरी ती येते. वारा मोजायच्या यंत्रावर ती यायच्या आधी काही दिसत नाही.

त्या रात्री मी सोलापूरला दादाला फोन केला. दादा माझा चुलतभाऊ, मंडप-डेकोरेशनचा धंदा करतो. त्याच्याकडे दोन मिकी माऊस आणि एक घसरगुंडी आहे, लॉनवर आणि वाढदिवसाला भाड्याने देतो. इतके दिवस या विषयावर मी त्याच्याशी बोललेच नव्हते. इथल्या लोकांना प्रश्न विचारणं सोपं होतं, घरच्या माणसाला अवघड.

"दादा, मिकी माऊस कसा बांधतोस रे?"

"कसा म्हंजे? दोन खुट्या पुढं, दोन मागं. फरशी असली तर मंडपाच्या खांबाला. का गं?"

मी सगळं सांगितलं, हार्लो, सहा कड्या, १६३ किलो. तो मध्ये काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे एका कोपऱ्याला पन्नास किलोची सव्वातीन पोती. सहाला वीस पोती झाली की गं. त्याला येगळा टेम्पो लागतंय." माझ्यापेक्षा त्याचं गणित जलद झालं. मी म्हटलं, पोती फक्त फरशीवर, मातीत मेखा चालतात. तर म्हणाला, "आपली काळी माती. उन्हाळ्यात दगड आन् पाऊस पडला की लोणी. मेख धरती का?" हा प्रश्न इथल्या सूचनांत माझ्या डोळ्यांसमोर कधी आला नव्हता. मी म्हटलं, ओढून बघायची, हलली तर लांब मेख घ्यायची, नाहीतर त्या दिवशी लावायचाच नाही.

मग मी वावटळीचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. शेवटी दादाने सांगितलं की तीन वर्षांपूर्वी मोहोळच्या बाजूला एका लग्नात, एप्रिलमध्ये, दुपारी दोनच्या सुमाराला वावटळ आली. मिकी माऊस फुगवून ठेवलेला होता, मुलं अजून जेवत होती. तो उलटून जेवणाच्या टेबलांपर्यंत गेला, मंडपाचा एक खांब सोबत घेऊन. खांबालाच बांधला होता. "वहिनीला बी सांगितलं न्हाई मी," तो म्हणाला. माझ्याशी बोलताना तो स्वतःच्या बायकोला नेहमी वहिनी म्हणतो. "पोरं आत असती तर काय केलं असतं गं आपण?"

आम्ही दोघंही बराच वेळ फोन धरून बसलो. वावटळीचं उत्तर ना त्याच्याकडे होतं ना माझ्याकडे. पण वावटळ रोज येत नाही. रोज येतो तो साधा झोत, ज्याने आमच्या मैदानावर कोपरा उचलला होता, आणि त्याच्यासाठी सहा मेखा पुरतात. एप्रिल-मेच्या भर दुपारी लावायचाच नाही असं दादाने तिथल्या तिथे ठरवलं. तसंही त्या वेळी प्लास्टिक इतकं तापतं की मुलांचे तळपाय पोळतात, त्याने ते नेहमी पाहिलं होतं.

जत्रेचा शनिवार. बाई सकाळी साडेनऊलाच आल्या, मुलीसह. आधी कॅसल पसरला, मग फुगवायच्या आधी चारी बाजूंनी चालून शिवण पाहिली. ब्लोअर कॅसलच्या भिंतीपासून १.२ मीटरहून लांब ठेवला, त्याला कुणी अडखळू नये म्हणून कठडा लावला. वायर मैदानाच्या कडेने नेली आणि प्लगला, वीज गळू लागली की क्षणात पुरवठा तोडणारं यंत्र लावलं, ज्याला आपल्याकडे इलेक्ट्रिशियन ईएलसीबी म्हणतात. पुढच्या उघड्या बाजूला जाड गाद्या टाकल्या. मग घण काढला. मेखा कॅसलपासून बाहेरच्या बाजूला कलत्या ठोकायच्या असतात, ओढ बसली की त्या आणखी रुतल्या पाहिजेत. सहावी मेख त्यांनी मला ठोकायला दिली. सात-आठ घाव लागले. मग त्यांनी दोरी दोन्ही हातांनी धरून सगळं अंग मागे टाकलं. मेख हलली नाही. "आता तुम्ही," म्हणाल्या. मीही तेच केलं, सहाही दोऱ्यांवर. मला त्या क्षणी रडू आलं. का, ते त्यांनी विचारलं नाही.

कॅसलवर एक पट्टी शिवलेली होती: इतक्या उंचीची इतकी मुलं. मोठी आणि लहान एकत्र सोडायची नाहीत, कारण हात-पाय मोडण्याचे बरेच प्रकार वाऱ्याने नाही, तर मोठं मूल लहानावर पडून होतात. आम्ही एका काठीवर उंचीच्या खुणा केल्या आणि दोन पाळ्या ठेवल्या. बूट, चष्मे, खिशातल्या वस्तू बाहेर. कोलांटउड्या नाहीत. दर वेळी एक मोठं माणूस समोर, ज्याने फोन खिशात ठेवायचा. हे शेवटचं मी स्वतः घातलं आणि त्यावरून दोन पालक नाराज झाले.

वारा मोजायचं यंत्र मी २० पौंडांना घेतलं होतं, मुठीएवढं, वर लहान पंखा. ते डोक्याच्या उंचीवर, आडोशापासून लांब, वाऱ्याकडे तोंड करून धरायचं आणि मिनिटभर थांबायचं, म्हणजे झोत सापडतो. दर पंधरा मिनिटांनी आकडा वहीत लिहायचा. एक वाजता २१. दीडला २४. दोनला २७, झोत ३३. बाई माझ्या वहीत डोकावल्या आणि म्हणाल्या, आता पाच-पाच मिनिटांनी. दोन वीसला झोत ३६. बाहेर रांगेत पंधराएक मुलं होती. आकाश निळं होतं, केकच्या टेबलावर मेणकापड फडफडत होतं, बाकी कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. दोन पस्तीसला यंत्रावर ४१ आला.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ब्लोअर चालूच ठेवायचा, कारण तो आधी बंद केला तर भिंती मुलांच्या अंगावर येतात. एकेक मूल पुढून हात धरून खाली, लहान आधी. नऊ मुलं होती, मिनिटभरात बाहेर आली. मग बाई आत जाऊन कोपरे पाहून आल्या, मग ब्लोअर बंद, मागच्या चेन उघडल्या आणि कॅसल हळूहळू बसला. मेखा त्यांनी सगळ्यात शेवटी, तो पूर्ण सपाट होऊन गुंडाळल्यावर काढल्या.

रांगेतली मुलं रडली. एका वडिलांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं: ऊन पडलंय, वारा आहे कुठे, तुम्ही मुलांचा दिवस खराब केलात. आधीच्या वर्षी ऐकलेलं वाक्य जवळजवळ तेच. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी ती पाहिली नाही. मुख्याध्यापिका येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि लाऊडस्पीकरवर सांगितलं की ज्यांनी तिकीट काढलंय त्यांना दोन पौंड परत मिळतील. आम्ही ५८ पौंड परत केले.

पावणेचारला वारा पडला. पुढे मोठा झोत काही आला नाही. यंत्र हातात धरून मी साडेचारपर्यंत मैदानात उभी होते आणि आकडा १८-२० च्या वर गेला नाही. आता लावायचा का, असं खजिनदाराने विचारलं. बाईंनी अंदाज पाहिला, संध्याकाळी पुन्हा झोत सांगितले होते, त्या नको म्हणाल्या. तेही आले नाहीत. घरी येताना मुलगा गाडीत म्हणाला, "आई, बंद केलं नसतं तरी काही झालं नसतं ना?" मी म्हटलं, "हो, बहुतेक नसतं झालं." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. थोड्या वेळाने म्हणाला, "पण मागच्या वर्षी तो वर गेला होता. मला माहितीये, मी आत होतो." त्याच्याही लक्षात राहिलं होतं हे मला तेव्हा कळलं.

त्या सोमवारी मी शाळेला एक पान लिहून दिलं. त्यात २०२४ चंही लिहिलं, मोकळ्या कड्या, बाकाचा पाय, मी न बोलता निघून गेले ते. आता शाळेचा नियम झाला आहे की बाहेरून कुणीही कॅसल आणला तर आधी तपासणीचा क्रमांक, जागेवर वारा मोजायचं यंत्र आणि सगळ्या कड्यांना मेखा, नाहीतर फुगवायचा नाही. वही केअरटेकरच्या कपाटात ठेवली आहे.

दादाला मी सगळ्या सूचना मराठीत लिहून पाठवल्या, एकाच पानावर, त्याच्या माणसांना वाचता येतील अशा. ब्लोअरजवळ मुलं नकोत. जनरेटरला ईएलसीबी. मंडपाच्या खांबाला, खुर्चीला, गाडीच्या हँडलला बांधायचं नाही. पोरं बाहेर, मग ब्लोअर बंद. त्याने बरेच महिने काही कळवलं नाही. मी विचारलंही नाही, गणपती आणि मग लग्नसराई, त्याच्या कामाचे दिवस.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोटो आला. ताडपत्रीवर ओळीने बारा मेखा. लोहाराकडून १६ एमएमच्या बारच्या करून घेतलेल्या, वरचं टोक घासून गोल केलेलं, प्रत्येकीला कडी वेल्ड केलेली. पंधरा इंचांऐवजी त्याने दोन फुटी केल्या होत्या, काळ्या मातीसाठी. खाली लिहिलं होतं, "दोन्ही मिकी माऊसच्या. एक बी कडी मोकळी न्हाई." मी यंत्राचं विचारलं. घेतलंय म्हणाला, ऑनलाइन, नऊशे रुपयाला.

संक्रांतीच्या संध्याकाळी, मी ऑफिसात असताना, आणखी एक फोटो आला. लॉनवर रात्रीचे दिवे, मागे वाघाचं तोंड, आणि पुढे त्याच्या हातात यंत्र, आकडा नीट दिसेल असा धरलेला. ताशी १४ किलोमीटर.